मंगळवारचं कपाट

समाजमंदिराच्या दारावर चिकटवलेला कागद मी चार वेळा वाचला. हॉलचं नूतनीकरण होणार असल्यामुळे सर्व मंडळांनी आपापलं सामान पंधरा दिवसांत घेऊन जावं, असं त्यात लिहिलं होतं. घेऊन जावं, ठीक आहे. परत कधी आणावं, याबद्दल एक अक्षर नव्हतं. खालची सही वाचता येत नव्हती, आणि ती मुद्दामच तशी केलेली असणार, असं माझं त्याच क्षणी मत झालं.

माझा स्वभाव संशयी आहे. मी तो लपवत नाही. छत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं, शेकडो परीक्षांना वर्गात फेऱ्या मारल्या. मूल उत्तरपत्रिकेत काय लिहितंय यापेक्षा ते कुठे बघतंय, हे आधी बघायची सवय लागली ती निवृत्तीनंतरही गेली नाही. माझे यजमान म्हणायचे, हिला देवळात प्रसाद दिला तरी ही आधी वास घेऊन बघेल. ते गेले त्याला आता सहा वर्षं झाली. प्रसादाचा वास मी अजूनही घेते.

आमचं समाजमंदिर म्हणजे खोपटच्या एसटी डेपोपासून चालत दहा मिनिटांवरचा एक लांबट हॉल. बैठा, वर गच्ची, पुढे चार पायऱ्या. सकाळी तिथे ज्येष्ठ नागरिकांचा योगवर्ग भरायचा, संध्याकाळी कॅरम क्लब. मंगळवारी दुपारी तीन ते पाच आमचं महिला भजनी मंडळ. रविवारी सकाळी आसपासच्या बौद्ध कुटुंबांची वंदना आणि त्यानंतर त्यांच्या मुलांचा अभ्यासवर्ग. मागच्या भिंतीला चार लोखंडी कपाटं ओळीने उभी होती, प्रत्येक मंडळाचं एक, प्रत्येकाला आपापलं कुलूप. कोणाचा वार कोणता, हे कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. ज्याचं कपाट आत, त्याचा वार त्याचा, एवढाच कायदा. वीसेक वर्षं तो बिनतक्रार चालला.

आमच्या कपाटात टाळांचे जोड होते, दोन सतरंज्या होत्या, वह्या होत्या आणि पेटी होती. पेटी माझ्या मैत्रिणीची. मंडळ तिनेच सुरू केलं. पुढे मुलाने बाळकुमला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला तेव्हा ती तिकडे राहायला गेली, पण दर मंगळवारी रिक्षा करून यायची. मला पेटी वाजवायला तिनेच शिकवलं, म्हणजे चार-पाच चाली. तिच्या मते तेवढंही मला येत नव्हतं. "तुझी बोटं पट्ट्यांवर पडतात ना, ती मुलांच्या पाठीत धपाटा घातल्यासारखी," असं ती सगळ्यांसमोर सांगायची.

शेवटच्या आजारपणात मी तिला भेटायला बाळकुमला गेले होते. तिने उशीखालून कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "पेटी तिथेच राहू दे गं. पेटी हलली की मंगळवार गेला समज." त्यानंतर पंधरा दिवसांत ती गेली.

मंगळवार म्हणजे काही फार मोठं प्रस्थ नव्हतं. आम्ही अकरा बायका. त्यातल्या एकीची सासू आठ वर्षं अंथरुणाला खिळलेली. आठवड्यातले हे दोन तास सोडले तर ती घराबाहेर पडायची नाही. एक पोळ्या लाटून संसार चालवायची आणि मंगळवारी दुपारचं काम मुद्दाम घ्यायची नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर सोमवारपासून मी दुसऱ्या दिवशीच्या साडीला इस्त्री करून ठेवायची. तेव्हा दारावरचा तो कागद मी चार वेळा वाचला, तो उगाच नव्हे.

आणि "थोड्या दिवसांसाठी बाहेर पडा" हे मला नवीन नव्हतं. माझं बालपण आणि लग्नापर्यंतची वर्षं नौपाड्यातल्या एका चाळीत गेली. ती पाडून इमारत बांधायचं ठरलं. बिल्डर म्हणाला, अठरा महिने कुठेतरी भाड्याने राहा, परत आलात की नव्या घराची किल्ली. माझे वडील सरळ माणूस. दारावरची नावाची पाटी त्यांनी स्क्रू ड्रायव्हरने काढली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कल्याणच्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली ठेवली. ती तिथेच राहिली. वडील कल्याणलाच वारले. नौपाड्याच्या त्या प्लॉटला आजही पत्रे लावलेले आहेत, आत झुडपं माजली आहेत. आमच्या चाळीत एकच जण शहाणा निघाला. त्याने खोलीत मोडका स्टोव्ह ठेवला, बाहेरून कुलूप ठोकलं आणि जागा रिकामी केलीच नाही असं सांगत बसला. त्याच्याशी बिल्डरला वेगळं बोलावं लागलं. त्याला दुसरीकडे का होईना, घर मिळालं. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताक फुंकून पितं म्हणतात. आमच्या घराने त्यानंतर पाणीसुद्धा फुंकून प्यायलं.

चारही मंडळांची बैठक हॉलमध्येच झाली. रविवारच्या मंडळातर्फे भाऊ आले होते. भाऊ म्हणजे एसटी डेपोतून निवृत्त झालेले मेकॅनिक. माझ्याच वयाचे, बेताच्या उंचीचे, हळू बोलणारे. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे आणि मला सगळे बाई म्हणायचे. कॅरम क्लबतर्फे चाळिशीतला एक तरतरीत माणूस होता, नौपाड्यात औषधाच्या दुकानात काम करणारा. योगवर्गाचे दोन आजोबा होते, ते जो शेवटी बोलेल त्याच्या बाजूने मान हलवायचे.

भाऊ म्हणाले, "भिंतीत ओल आहे. मागची सगळी भिंत खरवडून नव्याने प्लास्टर करायची म्हणतायत. आपण कपाटं हलवली पाहिजेत. तीन महिन्यांचा प्रश्न आहे, ज्याने त्याने घरी न्यावीत."

"आणि तीन महिन्यांनी आत नाही घेतलं तर?" मी विचारलं.

"का नाही घेणार?"

"तुम्हाला एवढी खात्री कशी?"

ते माझ्याकडे बघत राहिले. उत्तर दिलं नाही. वर्गात जे मूल असं गप्प राहायचं त्याच्या बाकाखाली मला हमखास चिठ्ठी सापडायची.

दुसऱ्याच दिवशी सकाळी रविवारवाल्यांनी आपलं कपाट उचललं. चार माणसं, एक टेम्पो, अर्ध्या तासात जागा मोकळी. मी बाजारातून येताना ते पाहिलं आणि मनात पाल चुकचुकली. ज्याला परत यायची खात्री असते तोच पंगतीतून आधी उठतो. यांना वॉर्ड ऑफिसातून कोणीतरी शब्द दिलेला असणार. आम्ही तिघे बाहेर पडलो की हॉल कायमचा यांचा, असं ठरलेलं असणार.

संध्याकाळी कॅरमवाला भेटला. त्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "बाई, मला पण तेच वाटलेलं. मी वॉर्ड ऑफिसला गेलेलो ना परवा, तर भाऊ तिथेच बसलेला. साहेबासोबत चहा पीत होता. कुठेतरी पाणी मुरतंय, बघा तुम्ही."

"मग तू कपाट हलवणार?"

"पागल आहे का मी! मोडका बोर्ड ठेवतो आत आणि कुलूप लावतो. कुलूप म्हणजे कब्जा."

मला चाळीतला तो स्टोव्ह आठवला. योगवर्गाच्या आजोबांनाही पटलं. त्यांनी चटया घरी नेल्या आणि रिकाम्या कपाटाला कुलूप घातलं. कॅरमवाल्याने मोडका बोर्ड ठेवला. मी मात्र सगळंच आत ठेवलं, पेटीसकट. रिकाम्या कपाटाला कुलूप घालून आत सामान आहे असं भासवणं मला खोटेपणाचं वाटलं. शिवाय मैत्रिणीला दिलेला शब्द होता. मंडळातली सासूवाली म्हणाली, "बाई, पेटी तरी घरी न्या ना. धूळ किती उडेल!" मी तिला गप्प केलं.

नुसत्या कुलपावर माझा भरवसा नव्हता. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्याला लावतात तशी कागदाची पट्टी मी कापली, कपाटाच्या दोन्ही दारांवर मिळून खळीने चिकटवली आणि वर सही केली. सही अशी केली की अर्धी कागदावर आली आणि अर्धी लोखंडावर. कोणी दार उघडलंच तर मला कळणार होतं.

काम सुरू झालं. मी रोज अकराला हॉलवर जायची. सिमेंटच्या गोण्या ओलांडत मागच्या भिंतीपाशी जायचं, कुलूप ओढून बघायचं, पट्टी बघायची आणि परत यायचं. मिस्त्री मला बघून वैतागायचा. "मॅडम, कपाट सरकाओगे तो दीवार होगी. नहीं तो जैसा है वैसा," असं तो पहिल्याच आठवड्यात म्हणाला. मी म्हटलं, जैसा है वैसा. मग त्याने ज्या ठिकाणी रविवारवाल्यांचं कपाट होतं तिथली भिंत खरवडली, आमच्या तीन कपाटांच्या मधल्या फटी खरवडल्या, वरचा भाग खरवडला आणि कपाटांमागे भिंत होती तशी सोडली.

भाऊ रोज तिथे असायचे. रंगाच्या उपड्या डब्यावर बसून मिस्त्रीशी बोलत असायचे. एकदा मी पोचले तेव्हा ते टेप घेऊन भिंत मोजत होते. आमच्या कपाटाची रुंदी मोजली, मग शेजारच्याची, मग डायरीत काहीतरी लिहिलं. मला पाहून त्यांनी डायरी मिटली.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"काही नाही बाई. अंदाज घेतोय."

कसला अंदाज, ते मला न सांगता कळलं. म्हणजे मला तेव्हा तसं वाटलं. तिथे त्यांना कायमचा चौथरा बांधायचा असणार, मूर्ती बसवायची असणार, आणि एकदा मूर्ती बसली की ती हलवायला कोणाची हिंमत आहे! मी घरी येऊन ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट. पुढे उपयोगी पडेल म्हणून.

त्यानंतर ते तीन वेळा माझ्या घरी आले. पहिल्यांदा म्हणाले, "बाई, दोन दिवस कपाट पुढे ओढू द्या. तुमच्यासमोर ओढू." मी नाही म्हटलं. एकदा पुढे ओढलेलं उद्या दाराबाहेर जायला कितीसा वेळ? दुसऱ्यांदा म्हणाले, "निदान पेटी घरी न्या. ओलीने लाकूड फुगतं." आत पेटी आहे हे सगळ्या खोपटला ठाऊक होतं, पण मला मात्र वाटलं, यांना कसं कळलं? तिसऱ्यांदा ते चपला न काढता दारातच उभे राहिले. म्हणाले, "तुम्हाला जमत नसेल तर मी ठेवतो माझ्या घरी. काम झालं की आणून देईन." हे ऐकल्यावर माझी खात्रीच पटली. मी "विचार करून सांगते" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी मी गेले तर पट्टी फाटलेली. अगदी मधोमध. आणि कपाट खाली विटांवर चढवलेलं, चारी कोपऱ्यांना एकेक वीट.

माझा आवाज वर्गाबाहेर तीन वर्गांपर्यंत जायचा. त्या दिवशी तो रस्त्यावर गेला. कामगार थांबले, कॅरमवाला दुकानात जायच्या वाटेवर होता तो आत आला, समोरच्या इस्त्रीवाल्याने मान वर केली. "हात कोणी लावला माझ्या कपाटाला?"

भाऊ डब्यावरून उठले. "मी लावला बाई. मिस्त्री आणि मी. काल बाहेरून पाणी आत आलं, कपाटाखाली साचलं होतं. म्हणून तिरकं करून विटा सारल्या. त्यात तुमचा कागद फाटला. दार उघडलेलं नाही."

"मला विचारलंत?"

"फोन केला होता. तुम्ही उचलला नाहीत."

फोन आला होता हे खरं होतं. त्यांचं नाव बघून मी उचलला नव्हता. ते मनात आलं तशी मी जास्तच चिडले आणि म्हणाले, "मला शिकवू नका. तुम्हा लोकांना एकदा जागा दाखवली की तुम्ही बसायलाच बघता."

"तुम्हा लोकांना" हे शब्द मी म्हणाले. ते लिहायला नको वाटतं, पण म्हणाले हे खरं आहे. शाळेत वर्षानुवर्षं मुलांना मी समतेचे धडे शिकवले, त्यावर निबंध लिहून घेतले, चांगल्या निबंधांना वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. आणि रागाच्या भरात तोंडातून जे आलं ते हे आलं. ते कुठून आलं, हे मला चांगलं माहीत आहे. ते आमच्या घरात, चुलीपाशी, हळू आवाजात बोललं जायचं, आणि ते मी विसरले आहे असं मी धरून चालले होते.

भाऊंनी डायरी खिशात घातली, डब्यावर ठेवलेली पिशवी उचलली आणि ते चार पायऱ्या उतरून गेले. कॅरमवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बरं झालं बाई, कोणीतरी बोलायलाच पाहिजे होतं." त्याच्या शाबासकीने मला बरं वाटलं. हेही लिहायला नको वाटतं, पण वाटलं होतं.

मग मी काय केलं? किल्ली पर्समध्येच होती. दार उघडून पेटी बघायला दोन मिनिटं लागली असती. पण मी कुलूप ओढून पाहिलं. ते पक्कं होतं. घरी गेले, नवी पट्टी कापली, दुपारी येऊन चिकटवली आणि सही केली. गठ्ठ्याचं सील परीक्षेच्या घंटेआधी फोडायचं नाही, हे माझ्या हाडात भिनलेलं. कुलूप शाबूत आहे म्हणजे पेटी शाबूत आहे, असं मी धरलं.

तीन महिन्यांचे पाच झाले. पावसाळा निम्मा सरला. भाऊ त्या दिवसानंतर मी असताना हॉलवर दिसले नाहीत. ते सकाळी लवकर येऊन जातात, असं मिस्त्रीकडून कळलं. मी रोज अकराला जातच होते. गाऱ्याचा ओलसर वास असायचा, पण बांधकाम म्हटल्यावर तो असणारच.

हॉल उघडला तो एका सोमवारी. नव्या फरशा, नवे पंखे, खिडक्यांना जाळ्या, पांढरे दिवे. पहिल्यांदा आत पाऊल टाकलं आणि मीसुद्धा खूश झाले, आणि मी सहसा खूश होत नाही. दारालगत काचेच्या चौकटीत एक छापील कागद लावला होता. मी सवयीने चष्मा लावून वाचला. वार, वेळ, मंडळ. मंगळवार, दुपारी तीन ते पाच, महिला भजनी मंडळ. खाली हॉलचा नकाशा, त्यात मागच्या भिंतीला चार चौकोन, प्रत्येकात मंडळाचं नाव आणि कपाटाची रुंदी. खाली वॉर्ड ऑफिसचा शिक्का आणि वाचता येईल अशी सही.

योगवर्गाचे आजोबा शेजारी उभे होते. ते म्हणाले, "भाऊंनी केलं हे. सहा खेपा घातल्या ऑफिसला. म्हणाले, कपाटावर भरवसा ठेवण्यापेक्षा कागद करून घेऊ."

मी तो कागद परत वरपासून वाचला. त्यात सुटलेलं असं काही सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मंगळवार. अकराच्या अकरा बायका आल्या, चांगल्या साड्या नेसून. मी सगळ्यांसमोर पट्टी दाखवली. सही अर्धी कागदावर, अर्धी लोखंडावर, रेघसुद्धा हललेली नव्हती. मी ती फोडली, कुलूप काढलं आणि दार ओढलं. दार लगेच उघडेना, बिजागऱ्या गंजल्या होत्या. दोघींनी मिळून ओढलं तेव्हा आतून कुबट वास आला.

कपाटाचा मागचा पत्रा गंजून खाली हातभर फाटला होता. त्यातून भिंत दिसत होती, काळी, ओली, जुनी. सतरंज्यांवर पांढरी बुरशी. वह्यांची पानं एकमेकांना चिकटलेली. पेटी खालच्या कप्प्यात होती. मी तिला बाहेर घेतलं तेव्हा ती नेहमीपेक्षा जड लागली. झाकण फुगून घट्ट बसलं होतं. भाता ओढला तर कडेने कापड सुटून हातात आलं. पट्ट्या दाबल्या, काही खाली गेल्या त्या वर आल्याच नाहीत. बाकीच्या दाबल्याच जाईनात. कुठूनतरी एक बारीक हुंकार निघाला आणि तोही थांबला.

सासूवालीने पदराने पेटीवरची बुरशी पुसायला घेतली आणि पुसता पुसता ती रडायला लागली. मी रडले नाही. मला स्वतःचा इतका राग आला होता की रडू आलंच नाही. आम्ही कपाट पुढे ओढलं. मागे भिंतीवर कपाटाच्या आकाराची ओल होती, अगदी मोजून काढल्यासारखी. शेजारची दोन्ही कपाटं सरकवून पाहिली, त्यांच्यामागेही तशीच. चौथ्या ठिकाणी, जिथली भिंत भाऊंनी बैठकीच्या दुसऱ्याच दिवशी मोकळी करून दिली होती, तिथे ती पांढरीशुभ्र आणि कोरडी होती. त्या दिवशी आम्ही नुसत्या टाळांवर भजन म्हटलं. लवकर आटोपलं.

पेटी मी नौपाड्यातल्या दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने सगळी उघडून ठेवली आणि म्हणाला, आतले पितळी सूर घासून बघतो, भाता नवा घालतो, पण लाकूड आता पहिल्यासारखं बोलायचं नाही. कोरड्या जागी का नाही ठेवली, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, कुलपात होती.

त्या रविवारी वंदना आणि अभ्यासवर्ग आटोपल्यावर दुपारी मी भाऊंच्या घरी गेले. डेपोच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. बोलायचं काय ते मी पाठ केलं होतं. त्यांच्या पत्नीने दार उघडलं, पाणी दिलं आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. भाऊ समोर खुर्चीवर बसले. या बाई, एवढंच म्हणाले.

"त्या दिवशी मी जे बोलले ते बोलायला नको होतं," मी म्हटलं. "माझं चुकलं."

"बोललात ते बरं झालं. बाकीचे मनात ठेवतात," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि नरमही नव्हता.

पाठ केलेलं पुढचं मला आठवेना. मग जे पाच महिने डोक्यात होतं तेच विचारलं. "पण तुम्ही सगळ्यांच्या आधी कपाट का हलवलंत? दुसऱ्याच दिवशी? आम्हाला वाटलं, तुम्हाला आतून कोणी शब्द दिला असेल."

भाऊ थोडं हसले. "शब्द आम्हाला कोण देणार, बाई? तुम्ही तिघांनी कपाटं आत ठेवलीत, तर लोक म्हणाले, म्हातारी माणसं आहेत, बायका आहेत, घाबरतात. आमचं एकट्याचं जरी आत राहिलं असतं, तर 'बघा, कब्जा करून बसले,' असं पहिल्यांदा कोण म्हणालं असतं?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. ते उत्तराची वाट बघत होते. आयुष्यभर मी प्रश्न विचारले आणि मुलांना सांगितलं, येत असेल तर उत्तर द्या, इकडेतिकडे बघू नका.

"मी," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. आतून चहा आला, बशीत दोन बिस्किटं. मग मी पर्स उघडली. कपाटाच्या कुलपाची दुसरी किल्ली मी करवून आणली होती. ती त्यांना द्यायची, हे घरून निघतानाच ठरवलं होतं. मंडळातल्या सगळ्यांना सांगूनही आले होते. मी ती टीपॉयवर त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "ही तुमच्याकडे राहू द्या. मी नसले तर तुम्ही उघडून बघत जा."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. हात लावला नाही.

"नको बाई."

"का? मी मनापासून देतेय."

"देताय ते दिसतंय," ते म्हणाले. "पण उद्या कपाटातलं काही इकडचं तिकडं झालं, तर पहिलं आमचं नाव कोण घेईल, ते तुम्ही आत्ताच सांगितलंत ना."

मी किल्ली उचलून परत पर्समध्ये ठेवली आणि चहा संपवला.